डिस्नेलँडची सत्तरी: १७ जुलैला मी तिथं होते

तळ्याकाठची

कॅलिफोर्नियात अनाहाइमला असलेल्या डिस्नेलँडला १७ जुलै २०२५ रोजी सत्तर वर्षं पूर्ण झाली, आणि त्या दिवशी मी तिथं हजर होते. मोठी ताई अर्व्हाइनला राहते, म्हणून मुक्कामाची काळजी नव्हती. सुट्टीचं बँकेत खूप आधी सांगून ठेवलं होतं. आपल्या सोलापूरच्या बऱ्याच जणांनी "आल्यावर सगळं लिही" म्हणून बजावलं होतं, त्यामुळं सविस्तर लिहिते.

आधी आवडीविषयी. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर डिस्नेची कार्टून लागायची. आमच्या गल्लीतली सगळी पोरं ज्याच्याकडं रंगीत टीव्ही त्याच्या घरात. पुढं बाकीच्यांचं कार्टूनचं वेड गेलं आणि माझं पार्काकडं वळलं. कार्टून फक्त बघता येतं, पार्कात आपल्या पायांनी चालत जाता येतं, हे मला तेव्हापासून फार मोठं वाटत आलंय. मग पार्काबद्दल मिळेल ते वाचत गेले. कुठला पाळणा कुठल्या साली आला, कुठली भिंत खरी, कुठली रंगवलेली, सगळं. माहेरी अजून माझ्या कात्रणांची वही आहे.

ताईसकट सगळ्यांनी सांगितलं होतं की नेमक्या वर्धापनदिनाला जाऊ नकोस, गर्दी असते, सत्तरीचे नवे कार्यक्रम १६ मेपासून चालूच आहेत, कधीही जा. मला त्याच तारखेला जायचं होतं. ज्या माणसाला पार्क आवडतं त्याला बाकी वर्ष आहेच. त्या दिवशी आजूबाजूला उभा असलेला जवळजवळ प्रत्येक माणूस तारीख बघून आलेला असतो, आणि हा फरक पहाटे गेटवरच कळला. गेट उघडायच्या कितीतरी आधीपासून रांगा. कुणी घरी शिवलेले १९५५ च्या धाटणीचे फ्रॉक घातलेले, कुणी जुनी तिकिटं प्लॅस्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवलेली. माझ्यापुढं एक आजी होत्या. शाळकरी असताना पहिल्याच उन्हाळ्यात वडिलांबरोबर आल्या होत्या म्हणे. आता नातवाबरोबर.

त्या पहिल्या दिवसाची हकीकत इथल्या नव्या लोकांसाठी थोडक्यात सांगते. १७ जुलै १९५५, रविवार. संत्र्यांच्या बागांच्या १६० एकरांवर साधारण वर्षभरात उभं केलेलं पार्क, खर्च १ कोटी ७० लाख डॉलर. त्या खर्चासाठी वॉल्ट डिस्नेंनी स्वतःच्या विम्यावर कर्ज काढलं होतं, आणि एबीसी या टीव्ही कंपनीनं दर आठवड्याच्या कार्यक्रमाच्या बदल्यात पैसे घातले होते. उद्घाटन फक्त निमंत्रितांसाठी होतं. पण लोकांनी खोटे पास छापले आणि सुमारे २८ हजार माणसं आत आली. पारा ३८ अंशांच्या आसपास. (आपल्याला त्याचं काही नाही, पण तिकडच्यांना फार.) ताजं डांबर इतकं मऊ होतं की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. प्लंबरांचा संप नुकताच मिटला होता. स्वच्छतागृहं आणि पिण्याच्या पाण्याचे नळ दोन्ही वेळेत होणं शक्य नव्हतं, म्हणून वॉल्टनी स्वच्छतागृहं निवडली. त्यावर लोक म्हणाले, शीतपेयं खपावीत म्हणून पाणी ठेवलं नाही. आणि हे सगळं टीव्हीवर थेट चाललेलं, निवेदकांमध्ये एक रोनाल्ड रेगन, तेव्हाचे नट. वर्तमानपत्रांनी पार्काला झोडपून काढलं. पुढं सात आठवड्यांत १० लाख माणसं येऊन गेली.

हे डोक्यात असल्यामुळं मी एक ठरवून गेले होते. दिवसभर फक्त १९५५ च्या गोष्टी बघायच्या, नवं सगळं संध्याकाळी. सत्तरीचा सोहळा कसला, तर पहिल्या दिवशी जे फिरत होतं ते आजही फिरतंय याचा. नवी आतषबाजी पन्नाशीला होते, साठीलाही होते.

म्हणून आधी गेले ती किंग आर्थर कॅरोसेलकडं. आपल्या गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, लाकडी घोड्यांचा गोल पाळणा असतो ना, तोच प्रकार. हा मुळात १९२२ चा, कॅनडात टोरांटोच्या एका बागेत चालायचा. वॉल्टनी तो विकत आणला, पण त्यात घोड्यांबरोबर इतर प्राणीही होते आणि काही घोडे नुसते उभे. त्यांचा हट्ट असा की प्रत्येक पोराला घोडाच मिळाला पाहिजे आणि तो उडता घोडा पाहिजे. मग दुसरीकडचे जुने घोडे आणून, पाय बदलून सगळा ताफा उडता केला. सगळे पांढरे झाले ते १९७५ मध्ये. मी बसले त्या घोड्याच्या लगामावरचा रंग हाताला गुळगुळीत लागत होता, इतक्या हातांनी तो धरलेला. मी उतरले आणि पुन्हा रांगेत उभी राहिले.

पार्काची मूळ कल्पनासुद्धा अशाच एका पाळण्याशेजारी सुचलेली. वॉल्ट शनिवारी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात न्यायचे. मुली पाळण्यात, आणि हे बाकावर शेंगा खात बसलेले. आईबाप आणि पोरं दोघांनाही एकत्र मजा येईल अशी जागा का नाही, हा विचार तिथं आला, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. शेंगा! सोलापूरच्या माणसाला यापेक्षा आणखी काय पाहिजे. त्या बागेतला एक बाक पार्कातल्या ऑपेरा हाउसमध्ये जपून ठेवलेला आहे.

मग जंगल क्रूझ. हीसुद्धा पहिल्या दिवसाची. नावाडी विनोद करत करत नाव हाकतो, ती पद्धत नंतरची. सुरुवातीला निवेदन अगदी गंभीर, माहितीपटासारखं असायचं. भारतीय हत्तींचं आंघोळीचं टाकं १९६२ मध्ये आलं. पण मी तिथं गेले होते ती एका झाडासाठी. जंगल क्रूझच्या बाजूला एक उंच खजुरीचं झाड आहे, १८९६ चं, म्हणजे पार्काच्या कितीतरी आधीचं. डोमिंग्वेझ नावाच्या शेतकरी कुटुंबाच्या जमिनीवर ते होतं, लग्नाचा आहेर म्हणून आलेलं. जमीन विकताना त्यांनी अट घातली की हे झाड तोडायचं नाही. ते मुळासकट हलवून इथं लावलं. आणि त्याच घरातला मुलगा, रॉन डोमिंग्वेझ, १९५५ मध्ये पहिल्या दिवशी गेटवर तिकिटं गोळा करायला उभा होता. पुढं पार्काच्या सर्वांत वरच्या पदांपर्यंत गेला आणि १९९४ ला निवृत्त झाला. ज्या जागी आपलं घर होतं, त्याच जागी त्यानं आयुष्यभर नोकरी केली. झाडाजवळ बहुतेक लोक थांबत नाहीत. त्या दिवशी मात्र काही जण थांबून, मान वर करून बघत होते, आणि आम्ही एकमेकांकडं बघून हसलो.

मार्क ट्वेन ही चाकाची आगबोट उद्घाटनाच्या चार दिवस आधी, १३ जुलैला पहिल्यांदा पाहुण्यांसह निघाली. निमित्त वॉल्ट आणि लिलियन यांच्या लग्नाचा तिसावा वाढदिवस. पाहुणे यायच्या आधी लिलियनबाई डेकवर साचलेला भुसा झाडू घेऊन स्वतः झाडत होत्या, असं सांगतात. बोटीवर मी त्याच डेकवर कठड्याला टेकून होते.

दुपारी ऑपेरा हाउस. त्याच दिवशी तिथं नवा कार्यक्रम सुरू झाला: वॉल्ट डिस्नेंचा हलता-बोलता पुतळा, त्यांच्या कचेरीत, टेबलाला टेकून. आवाज त्यांचाच, जुन्या ध्वनिमुद्रणांतला. यावर आधीच वाद झालाय. त्यांच्या एका नातीनं जाहीरपणे विरोध केला होता, की आजोबांचं असं यंत्र करणं म्हणजे त्यांच्यातला माणूसच काढून घेणं. मी तिची बाजू वाचून गेले होते आणि ती मला अजूनही चुकीची वाटत नाही. घरच्या माणसाला ते दुखणारच. पुतळ्याचा चेहरा मला पुरता पटला नाही. हात पटले. बोलताना ते हात ज्या तऱ्हेनं हलतात, ती तऱ्हा जुन्या चित्रफितींत शंभरदा बघितलेली. आणि आवाज सुरू झाला तेव्हा सभागृहात इतकी शांतता पसरली की मला रडू आवरलं नाही. शेजारी बसलेल्या दाढीवाल्या माणसालाही नाही.

संध्याकाळी पार्कातल्या मुख्य रस्त्याच्या, मेन स्ट्रीटच्या, फुटपाथवर जागा धरली. मिरवणुकीच्या दोन-अडीच तास आधी लोक पांघरुणं अंथरून बसतात. मी बॅगेतून आपली चादर काढून अंथरली, लाल-काळी, मोराची. अनाहाइमला जुलैतसुद्धा रात्री गारवा असतो, त्यामुळं नंतर तीच अंगावर घेतली. शेजारच्या मेक्सिकन कुटुंबातल्या काकूंनी हात लावून बघितली, विचारलं कुठली. सोलापूर सांगितलं. मग विणकामावर आमचं बराच वेळ बोलणं झालं, त्यांच्याकडंही हातमागावर जाड रंगीत पांघरुणं होतात. त्यांच्या तिसऱ्या पिढीचा हा सत्तरीचा सोहळा. आजोबांनी पन्नासच्या दशकात त्याच भागातल्या संत्र्यांच्या बागांत काम केलेलं.

'पेंट द नाइट' ही दिव्यांची मिरवणूक २०१५ मध्ये, साठीला आणली होती आणि सत्तरीला परत आणली. पंधरा लाख एलईडी दिवे. पहिला रथ कोपऱ्यावरून वळला आणि सगळा रस्ता उभा राहिला. त्यानंतर किल्ल्यावर आतषबाजी. तो किल्ला फक्त २३ मीटर उंच आहे, पण वरचे दगड क्रमानं लहान करत नेलेत, त्यामुळं नजरेला उंच भासतो. मेन स्ट्रीटच्या घरांचे वरचे मजलेही असेच लहान. फोटोत बघणाऱ्यांची निराशा होते म्हणतात. मला तो अगदी योग्य मापाचा वाटला. लहान मुलाला पूर्ण दिसेल एवढाच.

आणि अग्निशमन केंद्राच्या वरच्या खिडकीतला दिवा. तिथं वॉल्टची छोटी खोली होती, पार्क बांधताना आणि नंतरही ते तिथं राहायचे. त्यांच्या आठवणीत तो दिवा लावलेला असतो. मी जाताना बघितला, येताना बघितला. विचारा काय विचारायचं ते.

शेंगाचटणी

ताई, एका दमात वाचलं. वॉल्ट डिस्ने शेंगा खात बसलेले, हे वाचून आमच्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, भाजलेल्या का खारवलेल्या ते विचार.

जेवणाचं काय केलंत? आमच्या घरी सगळे शाकाहारी, आणि पुढच्या वर्षी भावाकडं जायचं चाललंय.

तळ्याकाठची

आईंना नमस्कार सांगा. भाजलेल्या का खारवलेल्या, ते मात्र वॉल्टनी सांगितलेलं नाही.

जेवणाचं सोपं आहे. पार्कात घरचं खाणं नेऊ देतात, फक्त काचेच्या बाटल्या आणि दारू चालत नाही. मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली होती. कडक भाकरीसारखं प्रवासाचं अन्न नाही, दिवसभर बॅगेत राहून जशीच्या तशी. दुपारी आगबोटीच्या धक्क्याजवळ सावलीत बसून खाल्ली. आत अननसाचं एक मऊ आइस्क्रीम मिळतं, डोल व्हिप, ते नक्की खा. दालचिनी-साखरेत घोळवलेले लांब चुरोही शाकाहारी लोक खातात, तरी घेताना विचारून घ्या.

लोकोशेड

मी मध्य रेल्वेत सोलापूर विभागात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. पाळण्यांत मला गम्य नाही. पण तिथं वाफेची गाडी चालते असं ऐकून आहे. खरी वाफ की देखावा? आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, किती?

तळ्याकाठची

काका, तुमच्याच प्रश्नाची वाट बघत होते. लेखात गाडी मुद्दाम ठेवली नव्हती, कारण एकदा सुरू झालं की थांबता येत नाही.

खरी वाफ. गेज तीन फूट, म्हणजे ९१४ मिलिमीटर. आपल्या बार्शी लाइट रेल्वेचं अडीच फूट होतं, तिच्यापेक्षा थोडं रुंद. पहिली दोन इंजिनं, सी. के. हॉलिडे आणि ई. पी. रिप्ली, उद्घाटनासाठी डिस्नेच्या स्टुडिओच्या कारखान्यातच बनवली. नावं सांता फे रेल्वेच्या मोठ्या अधिकाऱ्यांची, कारण सुरुवातीला ती कंपनी प्रायोजक होती. वॉल्टना गाड्यांचं इतकं वेड की त्याआधी घराच्या परसात माणूस बसू शकेल अशी छोटी वाफेची गाडी त्यांनी चालवली होती, आणि इंजिनाला बायकोचं नाव दिलं होतं. पार्काभोवती गाडी फिरलीच पाहिजे हे पहिल्या चित्रांपासून ठरलेलं.

पण तुम्हाला सांगायचं ते तिसरं इंजिन. फ्रेड गर्ली, १९५८ पासून पार्कात. ते बांधलं बाल्डविन कंपनीनं १८९४ मध्ये. आपली कुर्डुवाडी-बार्शी लाइन सुरू झाली १८९७ ला. म्हणजे ते इंजिन बार्शी लाइटपेक्षाही जुनं आणि आजही प्रवासी ओढतंय. आणि पार्कात यायच्या आधी ते काय करत होतं माहीत आहे? लुइझियानात ऊस वाहत होतं, साखर कारखान्यासाठी.

लोकोशेड

ऊस! आता मात्र मी ऐकतोय. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली आहे मी, नॅरोगेजचे डबे या हातांनी दुरुस्त केले. पंढरपूरची वारी त्या गाडीनं जाताना टपावर माणूस, दारात माणूस. आता सगळं ब्रॉडगेज झालं. सोयीचं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण १८९४ चं इंजिन रोज चालतं ठेवायचं म्हणजे बॉयलरची केवढी निगा लागत असेल. इंधन काय घालतात?

तळ्याकाठची

डिझेलऐवजी बायोडिझेल, पार्काच्या स्वयंपाकघरांतलं वापरलेलं तेल शुद्ध करून बनवलेलं. आणि काका, पार्कातल्या न्यू ऑर्लीन्स स्क्वेअरच्या स्टेशनात उभं राहिलं की तारयंत्राचा कडकट्ट आवाज सतत येत असतो. लोकांना वाटतं नुसता वातावरणासाठी. प्रत्यक्षात जुन्या तारेच्या संकेतांत वॉल्टच्या उद्घाटनाच्या भाषणाचे पहिले शब्द त्यात वाजतात. सत्तर वर्षांपूर्वीचं स्वागत दिवसभर चालू असतं, ज्याला येतं त्याला वाचता येतं.

लोकोशेड

आमच्या वेळचे तारबाबू असते तर उभ्या उभ्या वाचून दाखवलं असतं. धन्यवाद बेटा. हे आज घरी सगळ्यांना सांगणार.

बाळीवेसकर

लेख चांगला आहे, मेहनत दिसते. पण दोन गोष्टी स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

एक, ही एका कंपनीची जागा आहे. सत्तरी म्हणजे तिच्या विक्रीचा हंगाम. तिकीट किती झालंय ते लेखात कुठं आलं नाही. दोन, गड्ड्याचा उल्लेख. आमच्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या नंदीध्वज पेलतात. बाराबंदी घालून, अनवाणी. सात नंदीध्वज निघतात तेव्हा त्यामागं सिद्धरामेश्वरांवरची श्रद्धा असते. त्या मैदानावरचे पाळणे ही यात्रेची कडेची गोष्ट आहे. तुलना करताना एवढं लक्षात असावं.

तळ्याकाठची

राग कशाचा दादा. दोन्ही मुद्दे बरोबर आहेत.

तिकिटाचं लिहायला हवं. मी गेले तेव्हा एका दिवसाला, दिवस बघून, १०४ ते २०६ डॉलर होतं. शेजारच्या, डिस्नेच्याच दुसऱ्या पार्कातही जायचं असेल तर आणखी. १९५५ मध्ये मोठ्यांना प्रवेश १ डॉलर होता आणि आत प्रत्येक पाळण्याचं वेगळं तिकीट, आपल्या गड्ड्यात असतं तसंच. पुढं अ-ब-क-ड-इ अशा वर्गांची तिकिटांची पुस्तकं आली, ती १९८२ पर्यंत चालली. महागाई धरूनसुद्धा आजचं तिकीट फार आहे, आणि संत्र्याच्या बागेत राबलेल्या माणसाच्या नातवंडांना वर्षभर पैसे साठवून यावं लागतं, हे मला खुपतं. माझं प्रेम जागेवर आहे. तिकिटाच्या दराची बाजू मी घेणार नाही.

गड्ड्याविषयी: मी पाळण्याला पाळणा म्हणाले, नंदीध्वजाची बरोबरी कुठंच नाही आणि होऊही शकत नाही. अक्षता सोहळ्याला मी लहानपणापासून संमती कट्ट्यावर उभी असते. श्रद्धा तिथं आहे, इथं नाही. पण तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हणालात ना, तेवढा एक धागा मला अनाहाइमला दिसला. आजी, मुलगी, नातू, एकाच ठिकाणी, एकाच तारखेला. कंपनीला तारीख विकता येते. लोकांनी सत्तर वर्षं पोरांना हाताला धरून आणलं, ते तिला विकत घेता आलं नसतं.

बाळीवेसकर

हे पटलं. डोमिंग्वेझांचं झाड मला त्या सगळ्यात खरं वाटलं. जमीन दिली पण झाड राखलं.

कन्नाचौक

लई भारी ताई. आमची शाळेची सहल एस्सेलवर्ल्डला गेली होती, रात्रभर एसटीनं प्रवास करून पहाटे मुंबई, मग फेरीबोटीनं गोराई. १९८९ ला सुरू झालेलं ते पार्क २०२२ ला बंद पडलं. बातमी वाचली तेव्हा वाईट वाटलं होतं. आता खोपोलीचं इमॅजिका आहे, २०१३ पासून. पोरांना तिकडं नेतो. आपल्याकडं एखादं पार्क सत्तर वर्षं टिकेल का ओ?

तळ्याकाठची

टिकावं असं फार वाटतं. मला वाटतं डिस्नेलँड टिकलं त्याचं एक कारण असं की तिथं जुनं राखून नवं घालत गेले. पार्क कधीच पूर्ण होणार नाही, असं वॉल्ट म्हणायचे. १९५९ ला मॅटरहॉर्न आला, पोलादी नळीच्या रुळांवरचा जगातला पहिला मोठा रोलर कोस्टर. १९६६ ला 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' आलं, त्यात भारताच्या बाहुल्याही आहेत. १९६७ ला समुद्री चाच्यांची सफर आली, पण ती सुरू व्हायच्या आधीच, डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट गेले होते. अशी सगळी भर पडत गेली आणि कॅरोसेल मात्र फिरत राहिला.

एस्सेलवर्ल्डची माझीही सहल झालेली आहे. बंद झाल्याच्या बातमीनं मीही फार अस्वस्थ झाले. त्या फेरीबोटीत आमच्या वर्गानं गायलेली गाणी अजून आठवतात. तुमच्याकडं सहलीचे फोटो असतील तर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. अशा जागांची कात्रणं आपणच ठेवायची, दुसरं कुणी ठेवत नाही.

कन्नाचौक

काढतो. फोटो भावाकडं आहेत, मागवून घेतो.

होटगीरोड

ताई, नवऱ्याला डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीच्या कामासाठी लॉस एंजेलिसला जायचंय, मी आणि मुलगी बरोबर. मुलगी सहा वर्षांची, सासूबाई पण येणार, त्यांचे गुडघे दुखतात. तोवर सत्तरीचा सोहळा असेल का? आणि एका दिवसात काय बघावं?

तळ्याकाठची

असेल, सोहळा २०२६ च्या उन्हाळ्यापर्यंत आहे. डिसेंबरात नाताळची सजावटही असते, मिरवणूक आणि आतषबाजी मात्र वेगळी असू शकते, तेव्हा जायच्या आठवड्यात वेळापत्रक बघा. तिकिटाबरोबर त्या दिवसाचं आरक्षणही लागतं, ते विसरू नका. नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळता आला तर टाळा.

सासूबाईंसाठी व्हीलचेअर गेटजवळ भाड्यानं मिळते, घ्यायला संकोच करू नका, चालणं फार होतं. त्यांना आगबोट आणि रेल्वे या दोन गोष्टी आवडतील, बसल्या बसल्या सगळं पार्क दिसतं. त्या गाडीत असताना तुम्ही मुलीला घेऊन दुसरीकडं जाऊ शकता.

मुलीची उंची आधी मोजून ठेवा. मॅटरहॉर्नला १०७ सेंटिमीटर लागते, स्पेस माउंटनला १०२. ऐन रांगेच्या तोंडाशी परत फिरावं लागलं की पोरं फार हिरमुसतात. पीटर पॅनच्या उडत्या होडीची रांग दिवसभर मोठी असते, तिथं सकाळी गेट उघडताच जा. संध्याकाळी 'स्मॉल वर्ल्ड'च्या दर्शनी भिंतीवर सत्तरीसाठी केलेला प्रकाशचित्रांचा खेळ असतो. त्यासाठी आधी जाऊन बसायची फारशी गरज पडत नाही, आणि सासूबाईंनाही नीट दिसेल.

स्वेटर न्या, डिसेंबरच्या रात्री चांगली थंडी पडते. एक चादर जरूर न्या.

होटगीरोड

मुलगी ११२ भरली, आत्ताच दाराला उभी करून मोजली. मॅटरहॉर्न जमेल. तिनं विचारलंय की आत डोंगरात काय असतं.

तळ्याकाठची

हिममानव असतो, डोळे लाल, एकदम समोर येतो. ती घाबरणारी असेल तर आधी सांगून ठेवा. आणि तिला हेही सांगा की त्याच डोंगराच्या पोटात, वरच्या मजल्यावर, तिथं काम करणाऱ्यांसाठी बास्केटबॉल खेळायची छोटी जागा आहे. पाहुण्यांना ती दिसत नाही, पण ती तिथं आहे. कॅरोसेलवर बसली की मला कुठल्या घोड्यावर बसली ते कळवा. एक घोडा सगळ्यांत जास्त सजवलेला आहे, अंगावर घुंगरांच्या माळा. त्याचं नाव जिंगल्स. तो शोधायला लावा तिला.